रंग दिसले, पण खिंड कुठे आहे?

वाचकहो, या व्याख्यानमालेत बहुधा कविता, नाटक किंवा इतिहास असे विषय असतात. यंदा मला छायाचित्रणावर लिहायला सांगितले तेव्हा मी थोडा बिचकलो. मी व्यावसायिक छायाचित्रकार नाही. बडोद्यात नोकरी केली, सुट्टीत कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडलो, एवढीच माझी पात्रता. पण एक गोष्ट मी हौशी माणसाच्या नात्याने सांगू शकतो. आपल्यापैकी पुष्कळ घरांतली मुले आज अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे गेलेले आईवडील सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथल्या पानांचे रंग पाहायला जातात, शेकडो फोटो काढतात, आणि परत आल्यावर ते दाखवताना हळूच म्हणतात, “प्रत्यक्षात फार सुंदर होतं हो, फोटोत तसं आलं नाही.” हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकले आहे आणि स्वतःही उच्चारले आहे. फोटोत ते का येत नाही, आणि यावे म्हणून काय करता येते, हे एका जागेच्या आधाराने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

माझी मुलगी बोस्टनजवळ राहते. पहिल्यांदा गेलो त्या वर्षी ती आम्हाला व्हरमाँट राज्यातल्या एका खिंडीत घेऊन गेली. मी दोनशे बारा फोटो काढले. बडोद्याला परतल्यावर ते ताईला दाखवले. ताई माझी थोरली बहीण. शाळेत चित्रकला शिकवण्यात तिची हयात गेली. आता गुडघ्यांमुळे जिना उतरणेही तिला जमत नाही, म्हणून मी जिथे जातो तिथले तिला आणून दाखवायचे, असा आमचा जुना करार आहे. तिने दोनशे बाराही फोटो शांतपणे पाहिले. मग म्हणाली, “रंग छान आहेत रे. पण तू खिंड म्हणालास ना? यात खिंड कुठे आहे?”

मी पुन्हा सगळे फोटो चाळले. तिचे म्हणणे खरे होते. लाल झाड, पिवळे झाड, लाल-पिवळे झाड, झाडापुढे मी, झाडापुढे सौभाग्यवती. ती झाडे कुठल्याही बागेतली असू शकली असती.

जागा कशी आहे

या खिंडीचे नाव ‘स्मगलर्स नॉच’. नॉच म्हणजे खाच, लाकडावर कुऱ्हाडीने पाडावी तशी. न्यू इंग्लंडमध्ये उभ्या कड्यांमधल्या अरुंद खिंडीला हाच शब्द वापरतात. व्हरमाँट हे अमेरिकेच्या ईशान्येकडचे, कॅनडाला लागून असलेले छोटे राज्य. तिथला सर्वांत उंच डोंगर माउंट मॅन्सफील्ड, उंची ४,३९३ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हजारएक फुटांनी कमी. या डोंगराच्या आणि त्याच्या पूर्वेकडच्या रांगेच्या मधोमध ही खाच पडलेली आहे. खिंडीचा माथा सुमारे २,१६० फुटांवर आहे. दक्षिणेला स्टो नावाचे गाव, उत्तरेला जेफरसनव्हिल, आणि दोहोंना जोडणारा १०८ क्रमांकाचा रस्ता.

नावामागे इतिहास आहे. १८०७ च्या अखेरीस अध्यक्ष जेफरसन यांच्या सरकारने परदेशी व्यापारावर बंदी घातली, आणि पुढे ती कॅनडाशी जमिनीवरून होणाऱ्या व्यापारालाही लागू झाली. उत्तर व्हरमाँटच्या शेतकऱ्यांची बाजारपेठ मात्र माँट्रियलला. मग माल आणि गुरे या आडवाटेने सीमेकडे जाऊ लागली. पुढे गुलामगिरीतून पळालेली माणसे कॅनडाकडे जाताना याच वाटेने गेली, असे सांगतात. १९२० नंतरच्या दारूबंदीच्या काळात कॅनडातली दारू उलट दिशेने इथूनच आली, असेही सांगतात. ज्या वाटेवर सहजासहजी कुणी पाहू शकत नाही, ती चोरट्यांच्या कामाची. हे लक्षात ठेवा, कारण फोटोतही तेच दाखवायचे आहे.

माथ्याजवळ रस्ता इतका अरुंद होतो की मधला पट्टाही आखलेला नाही. घराएवढ्या शिळा अगदी डांबराच्या कडेला येऊन उभ्या आहेत आणि रस्ता त्यांना वळसा घालत जातो. दोन्ही अंगांना सुमारे हजार फूट उंचीचे कडे. मोठ्या ट्रकांना इथे मनाई आहे, तरी मोबाइलमधल्या नकाशावर विसंबून एखादा ट्रक येतो, शिळांमधल्या वळणात अडकतो, आणि सगळा रस्ता बंद पडतो. हिवाळ्यात बर्फामुळे हा रस्ता वाहनांना बंदच असतो.

या शिळा आल्या कुठून? वरच्या कड्यांवरून. हिमयुगात बर्फाने ही दरी खरवडली आणि कडे उघडे पडले. कड्याचा दगड अभ्रकाचे पापुद्रे असलेला, शिस्ट जातीचा. त्याच्या भेगांत पाणी शिरते, गोठते, फुगते आणि भेग रुंदावते. असे वर्षानुवर्षे होत राहिले की एखादा तुकडा सुटतो. म्हणजे तुम्ही ज्या धोंड्याशेजारी उभे राहता तो कधीतरी डोक्यावरच्या कड्याचा भाग होता. फोटोत धोंडा आणि कडा एकत्र दिसले की ही गोष्ट न सांगता कळते. नुसता धोंडा दाखवला तर तो निव्वळ दगड राहतो.

रंग कुठून येतो

आपल्या भाषेत या ऋतूला काय म्हणावे, हा प्रश्न मला पडला. पंचांगाने पाहिले तर आश्विन, म्हणजे शरद. पण आपला शरद म्हणजे स्वच्छ चांदणे आणि भरलेली शेते. पानगळ आपल्याकडे शिशिराची. तिथे शरदाच्या वेळेला शिशिराचे काम होते, आणि तेही दोन-तीन आठवड्यांत उरकते.

दिवस लहान होऊ लागले की झाड पानाच्या देठाशी एक पडदा तयार करू लागते आणि पानातले हरितद्रव्य मोडीत निघते. हिरवा झाकणारा रंग गेला की खाली आधीपासून असलेला पिवळा उघडा पडतो. गाजराला रंग देणारे द्रव्य ज्या कुळातले, त्याच कुळातला हा पिवळा. बर्च झाडे अशी पिवळी होतात. लाल रंग मात्र आधीपासून नसतो, तो पान त्या दिवसांत नव्याने बनवते. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा असेल तर पानात साखर साठते आणि लाल रंग खुलतो. मेपल झाडे अशी नारिंगी-लाल होतात. जांभूळ आणि कोकम यांना रंग देणारे द्रव्य याच जातीचे. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात कुसुंबाची कोवळी पालवी लालभडक दिसते, तिच्यातही तेच. तिथल्या पानाला जो रंग जाताना चढतो, तो आपल्या कुसुंबाला येताना असतो.

छायाचित्रकाराला उपयोगी बाब ही, की रंग उंचावरून खाली उतरतो. खिंडीच्या माथ्याजवळ तो सप्टेंबरच्या अखेरीस भरात असतो, खालच्या दरीत ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. माथ्याच्याही वर स्प्रूस आणि फर ही सूचिपर्णी झाडे. ती हिरवीच राहतात, जवळजवळ काळी दिसतात. त्यामुळे एकाच चढणीवर खाली मेपल, मध्ये बर्च आणि वर काळपट हिरवा असे तीन पट्टे सापडतात. पहिल्या वर्षी मी या पट्ट्यांकडे पाहिलेच नव्हते. जे सर्वांत लाल दिसे, त्याच्याकडे धावत होतो.

उजेड का फसवतो

आता माझ्या पहिल्या चुकीकडे येतो. आम्ही भर दुपारी, लख्ख उन्हात गेलो होतो. सहलीला याहून चांगला दिवस नाही, पण अरुंद खिंडीत फोटोला तो अवघड.

तिथे ऑक्टोबरच्या सुरुवातीला माध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून सुमारे चाळीस अंशच वर येतो. बडोद्यात त्याच दिवशी तो साठ अंशांच्या पुढे असतो. त्यातून दोन्ही बाजूंना कडे. तेव्हा तळाला थेट ऊन मिळते ते दुपारी पाऊण वाजण्याच्या आगेमागे, तेही तुकड्या-तुकड्यांनी. एक फांदी उन्हात तळपते आणि शेजारची शिळा गडद सावलीत असते. आपला डोळा दोन्ही पाहू शकतो, कारण तो एकीकडून दुसरीकडे जाताना स्वतःला जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एकाच क्षणी दोन्ही पेलावे लागते आणि तो एकाला सोडून देतो. बहुधा पाने पांढरट होतात किंवा शिळा कोळसा होतात.

मोबाइल यावर एक तोड काढतो. तो अनेक फोटो एकत्र करून सावल्या उजळवतो. त्यामुळे सगळे दिसते खरे, पण सावलीच गेली तर खोली कशाने कळणार? माझ्या फोटोंतून खिंड नाहीशी होण्याचे हे एक कारण होते.

यावर उपाय तीन आहेत.

पहिला, ढगाळ दिवस निवडा. ढग म्हणजे सबंध आकाशभर पसरलेला पांढरा पडदा. त्याखाली पान आणि दगड यांच्यातले अंतर कॅमेऱ्याच्या आवाक्यात येते. नुकताच पाऊस पडला असेल तर आणखी चांगले. ओला दगड गडद होतो, त्यावरची शेवाळे आणि दगडफुले उठून दिसतात.

दुसरा, ऊन असेलच तर सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जा. सकाळी पश्चिमेकडच्या कड्याचा वरचा भाग उजळतो, दुपारनंतर पूर्वेकडचा. उजळलेल्या कड्यावरून उबदार प्रकाश परतून समोरच्या सावलीतल्या झाडांवर पडतो. हा परतलेला उजेड मऊ असतो. उन्हातल्या कड्याचा फोटो काढू नका, त्याने उजळलेल्या सावलीचा काढा.

तिसरा, आकाश कमी घ्या. ढगाळ दिवशी आकाश हा चौकटीतला सर्वांत पांढरा भाग असतो आणि नजर तिकडेच पळते. शिवाय आकाश मोकळे दिसले की खिंड अरुंद वाटत नाही.

काही बारीकसारीक गोष्टी. लाल रंग कॅमेऱ्यात लवकर ‘फुटतो’, म्हणजे पानाच्या शिरा जाऊन नुसता लाल डाग उरतो. म्हणून एक्सपोजर किंचित कमी ठेवा. मोबाइलवर पानावर बोट टेकवून पट्टी थोडी खाली ओढली की झाले. व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्यावर सोडला तर तो पिवळेपणाला चूक समजून ती दुरुस्त करू पाहतो. तो ‘डेलाइट’ किंवा ‘क्लाउडी’वर ठेवा. ओल्या पानावर आणि दगडावर आकाशाची चकाकी येते आणि तिच्याखाली रंग झाकला जातो. पोलरायझर फिल्टर फिरवून ती चकाकी घालवता येते. मात्र त्याने उजेड निम्म्याहून कमी होतो आणि शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते. मग ट्रायपॉड हवा. खिंडीतून वाराही वाहतो. पाने हलत असतील तर वाऱ्याच्या दोन झुळकांमधली शांतता येईपर्यंत थांबा. ती येते.

अरुंदपणा कसा दाखवायचा

माझी दुसरी चूक जास्त मोठी होती. सगळे मावावे म्हणून मी रुंद लेन्स वापरली. मोबाइलची नेहमीची लेन्सही रुंदच असते. शिळेच्या जवळ उभे राहून अशा लेन्सने फोटो काढला की पुढचा दगड अवाढव्य होतो आणि मागचा हजार फुटांचा कडा दूर जाऊन टेकडीएवढा उरतो. दोन कड्यांमध्ये ऐसपैस जागा आहे असे वाटते.

त्याऐवजी मागे जा आणि लांब पल्ल्याची लेन्स लावा. मोबाइलवर दुप्पट-तिप्पट झूम असेल तर तो वापरा. तुम्ही दूर गेलात की पुढच्या आणि मागच्या वस्तूंच्या आकारातली तफावत कमी होते. वळणावरचा धोंडा, त्यामागचे वळण आणि त्यामागचा कडा एकावर एक रचल्यासारखे येतात. मग चौकट उभी धरा आणि दोन्ही कडे तिच्या दोन्ही कडांना भिडू द्या. डावीउजवीकडे निसटायला जागा उरली नाही की पाहणाऱ्याला कोंडल्यासारखे वाटते, आणि तीच खिंड.

मोजमापासाठी एक माणूस हवा. तो हसत कॅमेऱ्याकडे पाहणारा नको, धोंड्याशेजारी उभा, पाठमोरा असला तरी चालेल. माणूस दिसला की धोंडा आपोआप मोजला जातो.

पण यासाठी रस्त्याच्या मधोमध उभे राहू नका. आंधळ्या वळणावरून गाडी कधी येईल सांगता येत नाही, आणि त्या दिवसांत पाने पाहायला येणाऱ्यांची गर्दी असते. माथ्याजवळ गाड्या लावायला जागा आहे. तिथे गाडी ठेवून कडेकडेने चाला. चालत गेल्याशिवाय ती जागा तशीही कळत नाही.

उरला दगड आणि रंग यांचा संबंध. माउंट मॅन्सफील्डच्या पश्चिमेला जेरिको नावाचे गाव आहे. तिथे विल्सन बेंटली नावाचा शेतकरी राहत होता. १८८५ मध्ये त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला, आणि १९३१ मध्ये मरण येईपर्यंत पाच हजारांहून अधिक हिमकण टिपले. पांढरा कण फिक्या पार्श्वभूमीवर उठून दिसेना, म्हणून तो काचेच्या निगेटिव्हवर कणाच्या भोवतीचा लेप चाकूने खरवडून काढी. छापताना तेवढा भाग काळा येई आणि कण झळके. कणाला तो हात लावत नसे, फक्त भोवतालचे बदलत असे.

खिंडीत हे काम दगडाने आधीच करून ठेवलेले आहे. करड्या, ओल्या शिळेपुढे पिवळ्या बर्चच्या चार फांद्या घ्या. त्या झळकतात. तीच फांदी शंभर पिवळ्या फांद्यांमध्ये घेतली तर हरवते. सगळीकडे रंग असलेल्या माझ्या फोटोंत रंगही नीट दिसत नव्हता, तो यामुळे.

दुसऱ्यांदा

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. ठरलेल्या दिवशी सकाळपासून रिमझिम होती. जावई म्हणाले, “बाबा, पाऊस आहे. उद्या जाऊ या का?” मी म्हटले, “नको, आजच जाऊ.” त्यांनी मुलीकडे पाहिले, मुलीने खांदे उडवले, आणि आम्ही साडेतीन तासांचा प्रवास करून पोचलो.

खिंडीत ढग खाली उतरले होते. कड्यांचे माथे दिसत नव्हते. पहिला अर्धा तास मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. रस्त्याच्या कडेने चाललो, कुठल्या वळणावर काय एकत्र येते ते पाहिले. मग एका जागी ट्रायपॉड रोवला. समोर दोन शिळा, त्यांच्या फटीतून निसटणारा रस्त्याचा तुकडा, उजवीकडच्या शिळेवर वाढलेला एक कोवळा बर्च, मागे ढगात शिरणारा कडा. मुलीला शिळेशेजारी, रस्त्यापासून आत, उभे राहायला सांगितले. वारा थांबायची वाट पाहिली. दोन तासांत चौदा फोटो झाले.

परतल्यावर ताईला त्यातला एकच मोठा छापून दिला. त्यात लाल रंग जवळजवळ नाही. बराचसा करडा, थोडा काळपट हिरवा आणि त्या बर्चची मोजकी पिवळी पाने. तिने चष्मा पुसला, फोटो उजेडात धरला. पहिल्यांदा तिला बर्च दिसला. मग म्हणाली, “ही आपली पोरगी? एवढीशी?” आणि मग नजर वर नेत नेत, कड्यापाशी थांबून, “अरे बापरे.” थोड्या वेळाने तिने विचारले, “रस्ता पलीकडे कुठे जातो?” मी जेफरसनव्हिलचे सांगितले, कॅनडाचे सांगितले, चोरट्या मालाचे सांगितले. तासभर आम्ही त्या खिंडीतच होतो. गेल्या वर्षीच्या दोनशे बारा फोटोंवर तिने मला एकही प्रश्न विचारला नव्हता.

वाचकहो, तिकडे जाण्याचा योग सगळ्यांनाच येईल असे नाही. पण सराव इथेही होतो. बेळगाव-गोव्याच्या वाचकांना चोर्ला घाट आहे, इंदूरकरांना महूपलीकडचा जाम घाट आहे, आम्हा बडोदेकरांना पावागड आहे. श्रावणात ओला कातळ मिळेल, फाल्गुनात पळस आणि कुसुंब. ढगाळ सकाळ निवडा, मागे जाऊन उभे राहा, आकाश कमी घ्या, रंगाशेजारी दगड घ्या. आणि फोटो काढून झाला की तो अशा माणसाला दाखवा, ज्याला तिथे जाता येणार नाही. त्याने ‘छान’ म्हटले तर पुन्हा एकदा जाऊन या. त्याने ‘रस्ता पुढे कुठे जातो?’ असे विचारले, तर तुमचे काम झाले.